०.०१ च्या आत

जुलैमधली ओली सकाळ, नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळची एक पॅथॉलॉजी लॅब. दारात निथळत्या छत्र्यांची बादली, आत कोपराच्या लवणीत कापसाचा बोळा दाबून बसलेली माणसं, स्पिरिटचा थंड वास आणि उपाशीपोटी आलेल्यांची चिडचिड. काउंटरपाशी दिंडोरीकडचे एक बाबा रिपोर्ट हातात धरून उभे होते. प्रोस्टेट ग्रंथी काढून दीड वर्ष झालेलं, दर तीन महिन्यांनी पीएसएचं, म्हणजे ती ग्रंथी बनवते त्या प्रथिनाचं, रक्त द्यायचं. हे त्यांनी कुणी न विचारता शेजारच्याला सांगून टाकलं होतं. रिपोर्टात एकच आकडा होता : < ०.०१. बाबांनी त्यावर बोट ठेवलं. ‘‘ताई, आकड्याच्या आधी ही चोच कसली काढली?’’ ‘‘त्याच्यापेक्षा कमी आहे, बाबा.’’ ‘‘म्हंजे नाहीच ना?’’ ‘‘कमी आहे. एकदम कमी.’’ ‘‘मंग शून्य का नाही टाकत?’’ तिनं पुढच्या माणसाची पावती फाडता फाडता, मान वर न करता सांगितलं, ‘‘मशीन शून्य देतच नाही.’’

ती अगदी बरोबर बोलली होती. खटकलं ते एवढंच, की या विषयातलं सगळ्यात अवघड वाक्य तिनं पावती फाडता फाडता उरकलं.

बाबांना तो आकडा मात्र नवा नव्हता. ‘‘आमच्या द्राक्षाच्या रिपोर्टातबी हाच असतो,’’ ते म्हणाले, आणि ते खरं आहे. युरोपला जाणाऱ्या मालात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. नाशिक जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाटपायी, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी असलेल्या सीसीसीपायी, द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. त्यानंतर ‘रेसिड्यू’, म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश, हा शब्द निफाड-दिंडोरीच्या पारावरही मराठीच झाला. त्या रिपोर्टात औषधांची नावं ओळीनं असतात आणि पुढं ‘बीएलक्यू’. मुरलेला बागायतदार त्याचा अर्थ ‘औषध नाही’ असा घेत नाही. मोजून सांगण्याइतकं नाही, एवढाच घेतो. आकडा सारखा असला तरी एककं वेगळी आहेत. द्राक्षातला ०.०१ म्हणजे ग्रॅममागे दहा नॅनोग्रॅम, रक्तातला ०.०१ म्हणजे मिलिलिटरमागे दहा पिकोग्रॅम. बाबांच्या रक्तातली चोच त्यांच्या द्राक्षांपेक्षा हजारपट खाली होती.

त्या चोचीच्या आत काय मावतं, हेही मोजता येतं. पीएसए हे साधारण ३३ हजार डाल्टनचं, म्हणजे ढोबळमानानं तितक्या हायड्रोजन अणूंच्या वजनाचं, प्रथिन. मिलिलिटरला दहा पिकोग्रॅम धरलं, तर एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबात, त्याचे एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास रेणू येतात. ‘कमी आहे, एकदम कमी’ म्हणजे एखाद्या तालुक्याची लोकसंख्या. शिवाय प्रोस्टेट काढली तरी मूत्रमार्गालगतच्या बारीक ग्रंथी किंचित पीएसए बनवतच राहतात. तेव्हा शून्य मशीन देत नाही, आणि शरीरही देत नाही.

हा आकडा आणखी खाली नेण्याच्या खटपटीत गेली पंधरा-वीस वर्षं सगळ्यात जास्त भाव खाल्ला तो ग्राफीननं. कारण सोपं आहे. कार्बनचा एकच थर, जाडी ०.३४ नॅनोमीटर, त्याला ‘आतली बाजू’ नाहीच, जे आहे ते सगळं अंगावर. जवळ एखादा विद्युतभार येऊन बसला की त्या थरातून वाहणाऱ्या प्रवाहाला लगेच कळतं. मँचेस्टरच्या गटानं २००७ मध्ये वायूचा एकेक रेणू चिकटल्या-सुटल्याची पायरी ग्राफीनच्या रोधात दाखवली आणि रोगनिदानवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. रक्तातला खुणेचा रेणूही असाच एकेक पकडू, रंग नको, एन्झाइम नको, सरळ तारेला कळेल! पण तिथं मोजका, कोरडा वायू होता. रक्ताची गोष्टच निराळी.

आधी तो थर बनवण्याचीच कथा बघावी. सुरुवात तांब्यापासून होते. २५ मायक्रॉनचं तांब्याचं फॉइल, जे भांडी बाजारातला तांबट हातातही धरणार नाही. ते नळीच्या भट्टीत हजार अंशांच्या पुढं तापवतात. तांबं १०८५ ला वितळतं, म्हणजे काठावरचाच खेळ. आधी अर्धा तास नुसता हायड्रोजन सोडायचा, त्यानं वरचा ऑक्साइड निघतो आणि तांब्याचे कण मोठे होतात. मग थोडा मिथेन. तांब्यात कार्बन जवळपास विरघळतच नाही, म्हणून तो वरच पसरतो आणि पृष्ठभाग झाकला गेला की बहुतेक ठिकाणी एका थरावर थांबतो. यानंतरचं काम तापलेल्या दुधावरची साय न फाटता उचलण्यासारखं. फॉइलवर पीएमएमएचा, म्हणजे एका पारदर्शक प्लास्टिकचा, पातळ लेप द्यायचा. मागच्या बाजूलाही ग्राफीन वाढलेलं असतं, ते ऑक्सिजन प्लाझ्मानं आधी जाळायचं. हे विसरलं की त्याच्या कपच्या नंतर चांगल्या थराखाली जाऊन चिकटतात. फॉइल अमोनियम परसल्फेटच्या द्रावणावर तरंगत ठेवलं की काही तासांत तांबं खालून खाल्लं जातं आणि उरते डोळ्यांना जेमतेम दिसणारी साय. ती काचेच्या पट्टीनं उचलून स्वच्छ पाण्यात, मग दुसऱ्या पाण्यात, तिसऱ्या पाण्यात, आणि शेवटी सिलिकॉन डायऑक्साइडच्या चिपवर तिरकी निथळवून घ्यायची. रात्रभर वाळवायची, दीडशे अंशाला भाजायची, मग ॲसिटोनमध्ये पीएमएमए विरघळवायचं. घाई करून भाजलं तर खाली अडकलेल्या पाण्याचे फुगे होतात आणि साय फाटते. घाई नाही केली तरी पीएमएमएचा थोडा मेण धरल्यासारखा अंश मागं राहतोच, तो पूर्ण कधीच जात नाही. लेझरचा विखुरलेला प्रकाश तपासणाऱ्या रामन वर्णपटात १३५० पाशी उंचवटा मोठा दिसला तर थरात दोष आहेत. २७०० चा उंचवटा १५८० च्या दुपटीच्या आसपास असला तर एकच थर मिळाला म्हणायचं. एका चिपवर दहा पट्ट्या केल्या की दहाही सारख्या निघाल्या असं होत नाही. सात चालतात, त्यातल्या पाच एकमेकींशी बोलतात.

ग्राफीनला स्वतःला पीएसए की साखर, काही कळत नाही. अंगावर जे येईल त्याला ते ‘या’ म्हणतं. ओळख पटवायला वर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूच पकडणारं प्रथिन, बसवावी लागते, आणि बसवताना ग्राफीनला भोक पडता कामा नये. म्हणून पायरीन वापरतात : चार वलयांचा चपटा रेणू, ग्राफीनवर चपाती तव्याला लागावी तसा सपाट चिकटतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला अँटिबॉडीतल्या अमाइनला, म्हणजे नायट्रोजनच्या गटाला, पकडणारा एस्टर. डीएमएफ या द्रावकात काही मिलिमोलर द्रावण, एक-दोन तास, मग धुणं, मग फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, अँटिबॉडी चार अंशाला रात्रभर, आणि रिकाम्या राहिलेल्या एस्टरची तोंडं बंद करायला इथेनॉलअमाइन. कागदावर हे चार ओळींत बसतं. नाशिकच्या आषाढात बसत नाही. डीएमएफ हवेतलं पाणी ओढतं आणि तो एस्टर पाण्यानं मरतो. पीएच सातला, बर्फात ठेवून त्याचं अर्धायुष्य चार-पाच तास, पीएच ८.६ ला चार अंशावर दहाच मिनिटं. बाटली पावसाळ्यात चार वेळा उघडी राहिली की पायरीन छान चिकटतं, आलेखही हलतो, सगळं झाल्यासारखं दिसतं आणि सेन्सर ठार बहिरा निघतो. दुसरी हमखास चूक बफरची : सवयीनं ट्रिस नावाचं बफर ओतलं की त्यातलं अमाइनच सगळे एस्टर खाऊन बसतं. तिसरी चूक बाजारातून आलेल्या अँटिबॉडीच्या बाटलीत असते. टिकावी म्हणून तिच्यात अल्ब्युमिन हे प्रथिन किंवा ग्लायसिन घातलेलं असतं. ते आधी गाळून काढलं नाही, तर चिपवर जे बसतं ते अल्ब्युमिनच.

इथवर निभावलं की खरी अडचण पुढं उभी राहते, आणि ती मिठाची आहे. खारट पाण्यातला प्रत्येक भार भोवती विरुद्ध भाराच्या आयनांची गर्दी जमवतो आणि थोड्या अंतरावरून दिसेनासा होतो. त्या अंतराला डिबाय लांबी म्हणतात. रक्ताइतक्या खारट द्रावणात ती ०.७ नॅनोमीटर आहे. अँटिबॉडीचीच उंची दहा नॅनोमीटरच्या घरात, आणि शिकार पकडलेली तिच्या शेंड्यावर. म्हणजे वाड्याच्या गच्चीवर पाहुणा आला आणि ओट्यावर बसलेल्याला पत्ता नाही. मीठ शंभरपट कमी केलं की ही लांबी सात नॅनोमीटरच्या वर जाते. पण त्यासाठी रक्तद्रव शंभरपट पातळ केला, तर जे शोधायचं तेही शंभरपट पातळ झालं. म्हणून पकडायचं रक्तद्रवात, धुवायचं नीट, आणि वाचायचं पातळ बफरमध्ये, असा द्राविडी प्राणायाम करतात. कुणी अख्ख्या अँटिबॉडीऐवजी तिचा तुकडा किंवा बुटका ॲप्टामर, म्हणजे डीएनए-आरएनएचा पकडणारा तुकडा, बसवतात. इलिनॉयच्या एका गटानं २०२० मध्ये ग्राफीनच चुरगळून पाहिलं. सुरकुत्यांच्या खोबणीत आयनांना नीट गर्दी करता येत नाही आणि भार लांबून दिसतो. मोलर हे सांद्रतेचं माप, आणि नॅनो, पिको, फेम्टो, ॲटो, झेप्टो या त्याच्या हजार-हजारपटीनं खाली जाणाऱ्या पायऱ्या. त्यांनी डीएनएच्या बाबतीत बफरमध्ये ६०० झेप्टोमोलरचा आकडा सांगितला, म्हणजे अख्ख्या नमुन्यात अठराएक रेणू. मानवी रक्तद्रवात तोच आकडा २० ॲटोमोलर झाला. बफर ते रक्तद्रव या प्रवासात तीसपटींहून जास्त घसरण, आणि हे चांगल्यांत चांगलं उदाहरण आहे.

घसरण का होते, हे नाशिककराला सिंहस्थावरून चटकन कळावं. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या रक्तात हृदयाचं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, शोधायचं, तर चिंतेच्या उंबरठ्यावर ते मिलिलिटरला पंचवीसेक पिकोग्रॅम असतं. त्याच मिलिलिटरमध्ये चाळीस मिलिग्रॅम अल्ब्युमिन. रेणू मोजले तर एका ट्रोपोनिनमागे पन्नास कोटींहून जास्त अल्ब्युमिन. रामकुंडावर माईकवरून ‘सखूबाई, जिथं असाल तिथून पोलीस चौकीपाशी या’ असं पुकारतात, तेव्हा खरी सखूबाई येते की नाही ही एक गोष्ट. त्याच नावाच्या आणखी चारजणी, नाव नीट न ऐकलेल्या दहाजणी आणि नुसत्या बघायला आलेल्या शंभरजणी चौकीपाशी जमतात ही दुसरी. अँटिबॉडीची हाक कितीही नेमकी असो, पन्नास कोटींत थोडे बघे निघतातच. त्यांचाही भार असतो. तारेला सखूबाई आणि बघे यांतला फरक कळत नाही.

आता त्या फेम्टोमोलरच्या गोष्टी, ज्यांच्या बातम्या होतात. शंभर बाय शंभर मायक्रॉनची ग्राफीनची पट्टी घ्या. अँटिबॉडी दाटीवाटीनं बसवल्या तर दहा कोटी बसतील. त्यांची पकड चांगली, म्हणजे नॅनोमोलरची, धरा. एक फेम्टोमोलर नमुन्यात समतोल झाला की दहा लाखांत एक अँटिबॉडी भरलेली असेल, अख्ख्या पट्टीवर शंभर. आणि तो समतोल व्हायलाच किती वेळ! लहानसं प्रथिन नुसत्या विसरणानं एक मिलिमीटर सरकायला तास-दीड तास घेतं. थेंब टाकला आणि पाच मिनिटांत फेम्टोमोलरचा आकडा आला, असं कुणी म्हटलं तर त्या पाच मिनिटांत पट्टीपर्यंत पोहोचलं कोण, हे विचारायला हवं. त्याखाली ॲटोमोलरला तर गंमतच आहे : एका मायक्रोलिटरमध्ये सरासरी ०.६ रेणू. अर्धी-पाऊण सखूबाई कुणी पाहिली आहे? दहा थेंब घेतले तर पाच-सहा थेंबांत एकही रेणू नसतो. तिथं सेन्सरनं खरोखर शून्य दाखवलं, तरी ते थेंबाचं शून्य. माणसाचं नव्हे.

तरी अशा शोधनिबंधांत आलेख सुरेख येतात. एका बाजूला फेम्टोपासून नॅनोपर्यंतची सांद्रता, प्रत्येक घर दहापटीचं, आणि सहा-सात घरं ओलांडून जाणारी सरळ रेघ. ती रेघ पाहिली की मला आनंदापेक्षा शंकाच जास्त येते. साधी एकास-एक पकड दहा टक्क्यांपासून नव्वद टक्के भरायला ८१ पट सांद्रता घेते, म्हणजे जेमतेम दोन घरं. सहा घरांची सरळ रेघ पकडीतून येत नसेल, तर कुठून येते? बहुतेक वेळा मोजण्याच्या क्रमातून. नमुने पातळपासून घट्टपर्यंत ओळीनं घालतात, आणि ग्राफीनची तटस्थ जागा, म्हणजे गेटवरचं, बाहेरून दाब देणाऱ्या इलेक्ट्रोडवरचं, व्होल्टेज बदलत मोजलेल्या प्रवाहाच्या व्ही आकाराच्या आलेखाचा तळ, द्रावणात बुडाल्यापासून आपली आपण सरकत असते, तासाला काही मिलिव्होल्ट. प्रत्येक नमुन्यागणिक थोडं सरकणं, त्याची रेघ सरळच येणार! त्यात विरलीकरणाची भर. मिलिलिटरला एक मिलिग्रॅमपासून एक फेम्टोग्रॅमपर्यंत जायला दहापटीच्या बारा पायऱ्या लागतात. एका पायरीला टिप बदलली नाही, किंवा साध्या प्लास्टिकच्या नळीच्या भिंतीनं निम्मं प्रथिन गिळलं, की खालच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या आणि आतला माल यांचा संबंध सुटतो. उपाय कंटाळवाणे आहेत : नमुने चिठ्ठ्या टाकून उलटसुलट क्रमानं घालायचे, शेजारच्या पट्टीवर भलत्याच रोगाची अँटिबॉडी बसवून तिचं सरकणं वजा करायचं, गेटमधून गळणारा प्रवाह नॅनोअँपिअरच्या पुढं गेला की ती पट्टी निर्दयपणे बाद करायची, आणि बुडवल्यावर तळ स्थिर होईपर्यंत चहा प्यायचा. हे सगळं केलं की सहा घरांची रेघ बहुधा दोन-तीन घरांवर येते. तीच खरी असते.

आणि सगळ्यात जास्त कंटाळवाणं काम म्हणजे रिकाम्या नमुन्याचं. ज्यात काहीही नाही असा नमुना पुन्हा पुन्हा मोजायचा. त्यालाही दरवेळी काहीतरी आकडा येतो, थोडा वर, थोडा खाली. त्यांची सरासरी घ्यायची, प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे किती विखुरले त्याच्या मापाच्या, १.६४५ पट तीत मिळवायचं. रिकामेपणाची वरची हद्द ती. शंभरातले पाच रिकामे नमुने तरीही तिच्या वर उडी मारतात. मग अगदी थोडा माल असलेल्या नमुन्याच्या विचलनाची १.६४५ पट आणखी वर चढायचं, तिथं कुठं ‘आहे’ म्हणायची परवानगी. निदान-संचाला ही हद्द ठरवायला साठ रिकाम्या मोजण्या लागतात. प्रयोगशाळेतल्या निबंधांत तीन-चारांवर भागवलेलं सर्रास दिसतं. काउंटरवरच्या चोचीचं हेच घराणं. ०.०१ च्या खाली गेलं की रिकामं रक्त आणि बाबांचं रक्त यांत फरक सांगण्याचा मशीनला अधिकार नाही, म्हणून ते गप्प बसतं.

पण रिकामं रक्त आणायचं कुठून? पीएसएसाठी पूर्वापार सोय म्हणजे बाईचं रक्त घ्यायचं, तिला प्रोस्टेट नाही. मोजण्या पुरेशा बारीक झाल्या आणि कळलं, की बायकांच्या रक्तातही पीएसएचा माग असतो. सेन्सर चांगला झाला आणि रिकामा नमुना हातचा गेला.

यामुळं या सेन्सरांबद्दल मन एका बाजूला जात नाही. सुरगाण्यात किंवा पेठमध्ये मध्यरात्री छातीत दुखणारा माणूस आला आणि तळहाताएवढ्या यंत्रानं बोटाच्या थेंबावरून वीस मिनिटांत ट्रोपोनिन सांगितलं, तर घाटरस्त्यानं नाशिकला निघायचं की नाही हे तिथल्या तिथं ठरेल. त्यासाठी फेम्टो-ॲटोचं वेड नकोच. पिकोमोलरवर, रक्तात, दररोज, चिप बदलली तरी तोच आकडा आला पाहिजे. हे अजून ग्राफीनला धड जमलेलं नाही आणि त्याची बातमीही होत नाही. उलट पीएसएचं बघा. शस्त्रक्रियेनंतर कर्करोग परतला असं म्हणायला मिलिलिटरला ०.२ नॅनोग्रॅम लागतो, तोही दोनदा. चोच त्याच्या वीसपट खाली आहे. उद्या कुणी ती आणखी हजारपट खाली नेली, तर बाबांना दर तीन महिन्यांनी एक खराखुरा आकडा मिळेल, ०.००००३, मग ०.००००५, आणि डॉक्टरच्या हातात त्यावर करण्यासारखं काहीच नसेल. रात्री जागून त्या शून्यांची मोजदाद करायची ती बाबांनीच. हे तंत्र मनापासून आवडूनही त्या दिवशी काउंटरवर चोच पाहून बरंच वाटलं.

बाबांनी तोवर सदऱ्याच्या खिशातून डायरी काढली होती. फवारणीची, कडा भिजून फुगलेल्या, पानापानावर तारीख, औषध, मात्रा. मागच्या पानावर पीएसएचा रकाना. त्यांनी तारीख टाकली, रिपोर्ट पुन्हा एकदा डोळ्यांपाशी नेला, पेन थोडं अडखळलं. त्यांनी चोच काढली नाही, शून्यही लिहिलं नाही. लिहिलं : ०.०१ च्या आत.

‘‘पुढलं कधी, ताई?’’

‘‘तीन महिन्यांनी, बाबा. ऑक्टोबरात.’’

‘‘म्हंजे छाटणीच्या तोंडावर,’’ ते म्हणाले आणि बादलीतल्या छत्र्यांमधून आपली शोधायला लागले.